विश्लेषण : मूल कडेवर, कळ कमरेत... जुनाट कंबरदुखीत लहानग्याला सांभाळायचे कसे?

दीड वर्षाचे मूल दिवसातून कितीदा हात वर करून 'घे' म्हणते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. ज्यांची कंबर महिनोन्महिने दुखते आहे, अशा आई-वडिलांना मात्र प्रत्येक वेळी मनात हिशेब करावा लागतो. उचलले तर रात्री कळ, नाही उचलले तर मुलाचे रडणे आणि वर मनाला टोचणी. दवाखान्यात गेले की 'वजन उचलू नका, विश्रांती घ्या' असे सांगितले जाते. पण दहा किलोंचे वजन स्वतःच दुडुदुडु चालत येऊन पायाला मिठी मारत असेल, तर हा सल्ला पाळायचा कसा? दिलासा असा, की गेल्या तीस-चाळीस वर्षांत कंबरदुखीविषयीचे वैद्यकीय मत बरेच बदलले आहे आणि हा बदल लहान मुलांच्या पालकांच्या सोयीचा आहे.

कंबरदुखी 'जुनाट' कधी म्हणायची?

शेवटच्या बरगडीपासून नितंबापर्यंतच्या भागातले दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले, की ते जुनाट मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. माणसाला रोजच्या कामात अडवणाऱ्या विकारांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण जास्त आहे.

यातल्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये 'अमुक एका जागी बिघाड आहे' असे बोट ठेवून दाखवता येत नाही. याचा अर्थ दुखणे खोटे किंवा मनाचे खेळ आहेत, असा नाही. स्नायू, सांधे, मणक्यांमधल्या चकत्या, मज्जासंस्था, झोप, ताण, कामाचे स्वरूप या सगळ्यांचा त्यात कमी-अधिक वाटा असतो. दुखणे लांबले, की मज्जासंस्था हळवी होते. सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीवर मांजराने उडी मारली तरी अलार्म वाजू लागतो, तसे काहीसे होते. कळ खरी असते, पण प्रत्येक कळ म्हणजे कण्याला नवी इजा नसते. पुढचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

मूल लहान असतानाच कंबर का धरते?

गरोदरपणात जवळपास निम्म्या स्त्रियांना कंबर किंवा ओटीपोटामागच्या सांध्यांचे दुखणे होते. पोट पुढे येते, शरीराचा तोल बदलतो, संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात. पोटाचे स्नायू ताणले जातात, काहींमध्ये मधोमध एकमेकांपासून दूर सरकतात. बाळंतपणानंतर बहुतेकींचे दुखणे काही महिन्यांत ओसरते. काहींचे मात्र राहते. गरोदरपणाच्या आधीपासून कंबर दुखत असेल, तर ही शक्यता अधिक.

नेमक्या याच काळात वजन वाढत जाते. जन्मतः तीन किलोंच्या आसपास असलेले बाळ पहिल्या वाढदिवसाला साधारण नऊ किलोंचे होते. दोन वर्षांचे मूल जवळपास बारा, तर तीन वर्षांचे चौदा किलोंचे असते. बरे, हे वजन पोत्यासारखे गप्प राहत नाही. ते वळवळते, मागे झुकते, एकाच कडेवर बसते आणि झोपले की जड होते.

भर पडते ती घरकामाच्या पद्धतीची. पाय पसरून बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालणे, जमिनीवरच्या अंथरुणावरून उचलणे, दूध पाजताना खाली वाकून बसणे, मोरीत उकिडवे बसून कपडे धुणे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत एका हातात पिशवी आणि एका कडेवर मूल घेऊन जिने चढणे. यातले कोणतेही एक काम कंबर मोडणारे नाही. तुटपुंज्या झोपेवर, दिवसभर, तीच ती कामे त्याच त्या पद्धतीने होत राहिली, की कंबर तक्रार करू लागते.

आणि हे केवळ आईचे दुखणे नाही. वडील, आई नोकरीवर गेल्यावर नातवंड सांभाळणारी साठीतली आजी, पाळणाघरातल्या मावशी, अंगणवाडीच्या मदतनीस यांनाही ते लागू पडते.

'पाठीतल्या इंजेक्शन'मुळे कायमची कंबरदुखी लागते का?

'सिझर झाले, पाठीत इंजेक्शन दिले, तेव्हापासून कंबर गेली,' हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. म्हणजे हा समज लाखो स्त्रियांपर्यंत पोहोचलेला आहे.

सुई टोचलेल्या जागी काही दिवस ठणकते, हे खरे. त्यापुढच्या दीर्घकाळच्या दुखण्याशी सुईचा संबंध मात्र संशोधनात दिसलेला नाही. ब्रिटनमधील एका अभ्यासात ३६९ स्त्रियांची तुलना झाली. प्रसूतीकळा कमी करण्यासाठी काहींना पाठीतून भूल देण्याचे, तर काहींना अन्य उपाय देण्याचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. दोन वर्षांहून अधिक काळानंतर दोन्ही गटांतील कंबरदुखीत लक्षणीय फरक आढळला नाही. हा अभ्यास २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

मग दुखणे नेमके बाळंतपणानंतरच का सुरू होते? कारण वर सांगितलेले बाकी सगळेही त्याच दिवशी सुरू होते. हा गैरसमज दूर होणे महत्त्वाचे अशासाठी, की 'सुईने कायमचे नुकसान केले' असे मानणारी स्त्री बरे होण्याची आशा सोडते आणि उपायही सोडून देते.

एमआरआयमध्ये 'गादी सरकली' आहे, मग मूल उचलायचेच नाही का?

'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली', 'नस दबली' हे शब्द कानावर पडले, की पालक बाळाला उचलणेच बंद करतात. अहवालातला शब्द आणि दुखणे यांचा संबंध मात्र वाटतो तितका थेट नाही. २०१५ मध्ये ३३ अभ्यासांतील ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. या लोकांना कंबरदुखी नव्हती. तरीही तिशीतल्या ५२ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज आणि ४० टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली दिसली. थोडक्यात, तिशीतल्या पालकाच्या एमआरआयमध्ये असे काही दिसणे हे अनेकदा केसांत दिसू लागलेल्या रुपेरी छटेसारखे असते.

चकतीमुळे नस खरोखर दबली असेल, तर कळ कमरेपेक्षा पायात अधिक जाते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. असे असेल तर डॉक्टरांनी तपासून सांगितलेली पथ्ये पाळायलाच हवीत. पण अशी लक्षणे नसताना केवळ अहवालातल्या शब्दांना घाबरून हालचाल थांबवली, तर स्नायू दुबळे होतात. मग थोड्या वजनानेही दुखते आणि भीती आणखी वाढते. हे चक्र दुखण्यापेक्षा अधिक नुकसान करते.

विश्रांतीच्या सल्ल्याचे काय?

अंथरुणावर पडून राहणे हा कधीकाळी कंबरदुखीवरचा मुख्य उपाय होता. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीने त्याला पहिला मोठा धक्का दिला. सात दिवस पडून राहण्याचा सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेत दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि त्यांचे दुखणेही अधिक लांबले नाही. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर असाच अभ्यास झाला. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम, तर तिसऱ्याला 'झेपेल तसे नेहमीचे काम चालू ठेवा' एवढेच सांगितले गेले. सर्वात लवकर सावरला तो तिसरा गट.

हे दोन्ही अभ्यास नव्याने उद्भवलेल्या दुखण्यावरचे होते. जुनाट दुखण्यात तर पडून राहण्याचा उपयोग आणखी कमी. म्हणजे लहान मुलाच्या पालकाला जी विश्रांती मिळतच नाही, ती औषध म्हणूनही फारशी कामाची नव्हती. गरज आहे ती कामाच्या अधूनमधून थांबण्याची, स्थिती बदलण्याची आणि झोपेची.

येथे एक सवय आड येते. बरे वाटले, की त्याच दिवशी माळा साफ करणे, गोधड्या धुणे, पाहुण्यांचा स्वयंपाक असे सगळे उरकले जाते आणि पुढचे दोन दिवस कंबर उठू देत नाही. फिजिओथेरपिस्ट याउलट सांगतात. चांगल्या दिवशी थोडे कमी करावे, वाईट दिवशी थोडे तरी करावे. काम दुखण्याच्या हुकमावर न सोडता वेळेच्या हिशेबाने तोडावे. उदाहरणार्थ, वीस मिनिटे उभ्याने काम, मग पाच मिनिटे बसणे किंवा फिरणे.

मूल उचलताना, अंघोळ घालताना काय बदलता येईल?

वजन उचलण्याबाबत अमेरिकेतील 'नायॉश' या व्यावसायिक सुरक्षा संस्थेचे एक सूत्र कारखान्यांत वापरले जाते. ओझे शरीराला चिकटून आणि बाकी सगळे अनुकूल असेल, तर ते २३ किलोंपर्यंत उचलणे चालेल, असे ते मानते. तेच ओझे शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर गेले, की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. वळून, वाकून किंवा वारंवार उचलले तर ती आणखी घटते. सूत्र खोक्यांसाठी आहे, वळवळत्या बाळांसाठी नव्हे. त्यातला मुद्दा मात्र घरातही खरा आहे. बाळ किती किलोंचे आहे, याइतकेच ते छातीपासून किती लांब आहे यालाही महत्त्व आहे.

म्हणून आधी जवळ घ्यावे, मग उचलावे. पलंगाच्या पलीकडच्या कडेला झोपलेल्या बाळाला हात लांबवून ओढण्याऐवजी एक गुडघा पलंगावर टेकवून त्याच्याजवळ जावे. जमिनीवरून उचलताना एक गुडघा खाली टेकावा, बाळाला मांडीशी आणावे आणि दुसरा हात खुर्चीला किंवा भिंतीला टेकून उठावे.

चालू लागलेल्या मुलाला अर्धे काम स्वतः करू द्यावे. ते सोफ्यावर किंवा पाटावर चढले, की उचलण्याचे अंतर निम्मे होते. रडणाऱ्या मुलाला दर वेळी कडेवर घ्यावेच असेही नाही. खाली बसून मांडीवर ओढून घेतले तरी त्याचे समाधान होते.

एकाच कडेची सवय मोडावी, बाजू बदलत राहावी. जास्त वेळ घेऊन चालायचे असेल, तर छातीला किंवा पाठीला बांधायची झोळी अर्थात बेबी कॅरिअर सोयीचे पडते, कारण वजन दोन्ही खांद्यांवर वाटले जाते. तान्ह्या बाळाचा चेहरा सतत दिसेल आणि हनुवटी छातीवर टेकणार नाही, एवढी खबरदारी हवी.

अंघोळीसाठी पाय पसरून पुढे वाकण्याऐवजी पाठीला भिंतीचा आधार घ्यावा किंवा बुटक्या स्टुलावर बसून समोर बाळाचा टब ठेवावा. टब भरून उचलू नये, तांब्याने भरावा आणि तांब्यानेच रिकामा करावा. लंगोट, कपडे बदलायला कमरेच्या उंचीचे टेबल सोयीचे, पण तेथे बाळावरचा हात क्षणभरही काढू नये. दूध पाजताना बाळाकडे आपण वाकण्याऐवजी मांडीवर उशा ठेवून बाळाला वर आणावे. रात्री कुशीवर आडवे होऊन पाजले तर कमरेला आराम पडतो.

'पाठ ताठ ठेवूनच वाका, गुडघ्यातूनच वाका' हा नियम मात्र वाटतो तेवढा पक्का नाही. उचलण्याच्या 'योग्य' पद्धतीचे प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते, असे कामगारांवरील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलेले नाही. खेळणे उचलायला पाठीतून वाकल्याने काही बिघडत नाही. एकच एक स्थिती तासन् तास नको, हे सूत्र अधिक उपयोगाचे.

कोणता व्यायाम करावा आणि वेळ कुठून आणावा?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ चाचण्या तपासल्या गेल्या. काहीही न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या उपचारांपेक्षा व्यायामाने दुखणे कमी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. योगासने, पोटाचे-पाठीचे व्यायाम, चालणे यांपैकी आवडेल आणि टिकेल तो प्रकार निवडण्यास हरकत नाही.

सर्वात स्वस्त उपाय चालण्याचा. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली एक चाचणी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. हे सर्वजण कंबरदुखीतून नुकतेच सावरलेले होते. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवणाऱ्यांमध्ये दुखणे परतण्यास मध्यमान २०८ दिवस लागले, तर काहीच न करणाऱ्यांमध्ये ११२ दिवस. आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत चालणे हे उद्दिष्ट होते.

बाळ घरात असताना सलग अर्धा तास मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तो दहा-दहा मिनिटांत तोडता येतो. बाळ झोळीत असताना गच्चीवर, अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात घातलेल्या फेऱ्याही त्यात धराव्यात.

सोबत दोन-तीन सोपे व्यायाम पुरेत. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे. बाळ शेजारी चटईवर असतानाही ते होतात आणि रांगणाऱ्या आई-बाबांना पाहून मुलाला गंमतच वाटते. सुरुवातीला थोडे दुखले तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर प्रमाण कमी करावे. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, हळूहळू चालणे लवकर सुरू करता येते. पोटाच्या व्यायामांसाठी मात्र डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

पट्टा, मालिश, गोळ्या यांचा उपयोग किती?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रक्रियेविना उपचारांबाबत पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मालिशसारख्या काही शारीरिक उपचारपद्धती, बोधात्मक वर्तन उपचार आणि काही वेदनाशामके यांना त्यात स्थान आहे. कमरेचे पट्टे, कंबर ताणण्याचे ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीसाठी देऊ नयेत, असे त्या सांगतात.

आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावून मालिश करण्याची आणि शेक देण्याची पद्धत आहे. त्याने आराम वाटत असेल तर जरूर घ्यावे. सिझेरियनच्या टाक्यांवर दाब येऊ नये आणि बंद खोलीत शेगडी ठेवू नये, कारण निखाऱ्यांचा वायू जिवावर बेतू शकतो. मालिशवाल्या बाईंमुळे बाळंतिणीला तासभर उसंत मिळते, हाही फायदाच. सव्वा महिन्यानंतर मात्र मालिश थांबते आणि बाळाचे वजन वाढतच राहते. तेव्हा कंबरेला आधार स्नायूंचाच लागतो.

गोळ्यांबाबत स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या स्तनपानाच्या काळात सर्वसाधारणपणे सुरक्षित मानल्या जातात. मात्र आयबुप्रोफेनसारखी औषधे गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये दिला. ट्रॅमाडॉल आणि कोडीन स्तनपान देणाऱ्या मातांनी घेऊ नये, अशी सूचना त्याच संस्थेने २०१७ मध्ये केली होती. औषधाच्या दुकानातून कंबरदुखीची गोळी मागताना 'बाळ अंगावर पिते' हे आवर्जून सांगायला हवे.

मन आणि झोप यांचा काय संबंध?

अपुरी झोप आणि ताण यांनी दुखणे तीव्र वाटू लागते, आणि दुखण्याने झोप उडते. त्यात 'मी माझ्या लेकराला उचलूही शकत नाही' ही खंत. बाळंतपणानंतर येणारे नैराश्य आणि कंबरदुखी अनेकदा हातात हात घालून येतात. सतत रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, जगणे नकोसे होणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर कंबरेबरोबर त्यावरही उपचार घ्यावेत. जगणे नकोसे वाटू लागल्यास दोन आठवडे वाट पाहू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे.

मुलाला काय सांगावे, हा प्रश्न पालकांना छळतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला साधे वाक्य समजते. 'आईची कंबर दुखते, तू इथे वर चढ, मग मी मिठी मारते.' नकाराबरोबर दुसरी वाट दाखवली, की मूल ती बहुतेकदा स्वीकारते. 'तुला उचलून उचलून माझी कंबर गेली' हे वाक्य मात्र, रागात किंवा थट्टेतही, टाळलेले बरे. दुखण्याचा दोष मुलाच्या माथी जाऊ नये.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद अचानक कमी होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यात उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, हेही दुर्लक्षिण्यासारखे नाही.

भारतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जगातील क्षयरोगाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. क्षयरोग हाडांत शिरतो तेव्हा बहुतेकदा मणक्यालाच धरतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम आणि विश्रांतीनेही न थांबणारे पाठीचे दुखणे असेल, तर 'बाळंतपणाची कंबर आहे' म्हणून सोडून देऊ नये.

तरुणांमध्ये सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आखडलेली राहत असेल आणि हालचाल केल्यावर उलट बरे वाटत असेल, तर संधिवाताच्या प्रकाराची शंका घेऊन तज्ज्ञांना दाखवावे. अंग दुखणे आणि अशक्तपणा जास्त असेल, तर ड जीवनसत्त्वाची कमतरताही डॉक्टर तपासतात.

घरातल्या इतरांचा वाटा किती?

येथे प्रश्न वैद्यकशास्त्राच्या हद्दीबाहेर जातो. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात आणि त्यावर दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटे आहे. स्वयंपाक, धुणी, झाडलोट यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

ज्या घरात अंघोळ, जिने, रात्रीचे उठणे आणि बाजारहाट ही चार जड कामे दोघांत वाटली जातात, तेथे कंबरेवरचा भार कोणत्याही पट्ट्याने हलका होणार नाही इतका हलका होतो. 'काही मदत हवी का?' असे विचारण्यापेक्षा अंघोळ आजपासून बाबांची, असे ठरवून टाकणे अधिक उपयोगी. आजीकडे बाळ सोपवताना तिचीही कंबर साठ वर्षे वापरलेली आहे, हे विसरू नये.

कायद्याने दिलेला आधारही ठाऊक असावा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. केंद्र सरकारी सेवेतील वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रात वडिलांसाठी असे कायदेशीर बंधन नाही. आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या, फडाच्या बांधावर मूल निजवून मोळ्या उचलणाऱ्या आईपर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही. तिच्या कंबरेसाठी सर्वात मोठा उपाय फडाजवळ मूल सांभाळणारे कोणीतरी असणे, हाच आहे.

जुनाट कंबरदुखी अनेकदा पूर्ण जात नाही. ती येते, ओसरते, पुन्हा डोकावते. तिच्यासह मूल वाढवणाऱ्यांनी आजचा दिवस किती दुखला, यापेक्षा गेल्या महिन्यात न जमणारे काय आता जमते, याची नोंद ठेवावी. दहा मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे चालता आले, एक जिना मुलाला घेऊन चढता आला, रात्री एकदाच जाग आली. सुधारणा अशीच, हळूहळू मोजावी लागते. दरम्यान मूल स्वतःच जिने चढू लागते आणि उचलण्याचे दिवस संपतात. तोवर कंबर आणि मूल दोघेही सांभाळता येतात, पण ते एकट्या माणसाचे काम नव्हे.